खरखर नंबर तीन

सिद्धेश्वर: ॲडमिशन बंद झाली, हे तुला खाली कुणी सांगितलं नाही का?

मुज्तबा: सांगितलं की. मी म्हणलं, मला सरांना भेटायचंय, सरांच्या क्लासला न्हाई.

सिद्धेश्वर: मुलीसाठी आला असशील तर स्पष्ट सांगतो. नव्वद टक्क्यांच्या खाली मी कुणाला घेत नाही. ओळख असो, नातं असो. काल एका पुढाऱ्याच्या भाच्याला जिन्यातूनच परत पाठवलंय.

मुज्तबा: अर्शिया आठवीत हाय अजून. अन् तिला चित्रं काढायचा नाद हाय, फिजिक्सचा न्हाई. बसू का? लोह्यापासून एसटीत उभाच होतो.

सिद्धेश्वर: बस. चारची बॅच आहे माझी. त्याच्या आत काय ते बोल.

मुज्तबा: दहा वर्षांनी भेटून राहिलो यार. पाणी तरी विचार.

उमादेवी: पाणी आणलंय मी. घ्या. पाव्हणे कुठले म्हणायचे?

सिद्धेश्वर: पाहुणे नाहीत. नांदेडचे आहेत, कामाने आलेत, निघालेच आहेत.

मुज्तबा: सलाम वहिनी. मी मुज्तबा. वजिराबादेत आमचं कॅसेटचं दुकान. सिद्धू नांदेडला बी.एस्सी.ला होता ना, तवा रोज संध्याकाळी आमच्याच काउंटरवर बसलेला असायचा.

उमादेवी: अय्यो! तुम्हीच का ते?

मुज्तबा: कोणते ते, वहिनी?

उमादेवी: न्हाई... तसं काही न्हाई.

मुज्तबा: बोला की. मढ्यावर टेप लावणारा. हेच ना? नांदेडात पण हेच नाव हाय माझं. ह्यानंच ठेवलंय.

सिद्धेश्वर: उमा, तू आत जा. मेसच्या भाजीचं बघ.

उमादेवी: भाजी निवडून, चिरून झाली. आता बसते जरा इथंच. लग्न होऊन सात वर्षं झाली, तुमचा एक जुना दोस्त म्हणून दारात आला न्हाई कधी.

सिद्धेश्वर: हा दोस्त नाही.

मुज्तबा: खरंय. आता न्हाई. वहिनी, हे वर लावलंय ते चित्र कुणाचं? जिन्यात पण हाय. खाली पाटीवर पण हाय.

उमादेवी: सासूबाईंचं की! मातोश्री चतुराबाई क्लासेस. तुम्ही बघितल्या होत्या ना त्यांना?

मुज्तबा: बघितलं म्हणजे? भाकरी खाल्ली मी त्यांच्या हातची. म्हणून तर विचारून राहिलो. नाक असं नव्हतं. अन् रंग एवढा गोरा कुठला? कपाळावर गोंदण होतं, हिरवं. अन् ह्या बाईच्या अंगावर तर जरीचा पदर हाय.

सिद्धेश्वर: पेंटरनं काढलंय. मी सांगितलं, त्यानं काढलं. फोटो एकही नाही आमच्याकडे. घर गेलं, घरातलं सगळं गेलं. चेहरा बघायला मिळाला नाही मला, लोकांनी बघू दिला नाही. सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. तू होतास तिथं. तुला माहीत आहे. आता नाकावर बोलतोस?

मुज्तबा: चुकलो. राहू दे.

उमादेवी: मला तर तेच चित्र माहीत. सण आला की त्यालाच हार घालते. पण खरं सांगू का, भाऊ, हात जोडताना वाटतं, ह्या बाईला आपण ओळखतच न्हाई.

सिद्धेश्वर: मुज्तबा, काम सांग.

मुज्तबा: बेल्जियमवाल्याचं पत्र आलंय.

सिद्धेश्वर: नको.

मुज्तबा: ऐकून तरी घे.

सिद्धेश्वर: नको म्हणालो ना. तो माणूस, ती पत्रं, ते सगळं संपलेलं आहे. मी इथं लातूरात दोनशे मुलं घेऊन बसलोय. त्यांचे आईबाप शेती गहाण टाकून मुलं माझ्याकडे ठेवतात, डॉक्टर करा म्हणतात. मला वेळ नाही.

उमादेवी: बेल्जियमवाला कोण?

मुज्तबा: सांगितलं न्हाईस वहिनीला? काहीच? बरं. वहिनी, तुमचे सर एके काळी कलावंत होते.

सिद्धेश्वर: मुज्तबा!

मुज्तबा: हाव की. आमच्या अब्बांचं दुकान होतं. मोहियोद्दीन म्युझिक सेंटर. कव्वाली, भीमगीतं, भजनं, लग्नाची गाणी. लोक चिठ्ठी आणायचे, आम्ही गाणी भरून द्यायचो. अन् हा तिथं येऊन बसायचा अन् म्हणायचा, मुज्तबा, गाणं खोटं असतं. मशीन खोटं बोलत न्हाई. मशीनचा आवाज भर. मला वाटलं, पोराला ऊन लागलं. पण ह्याच्या बोलण्यात दम होता, वहिनी. आजही असंल. दोनशे पोरं उगाच बसत न्हाईत.

उमादेवी: मशीनचा आवाज? कशाला?

मुज्तबा: ऐकायला! जिनिंगचा आवाज, रेल्वेच्या यार्डात डबे आदळतात तो आवाज, बंद पडत आलेल्या गिरणीचा भोंगा. धर्माबादला गेलो, मिरची कांडपात माईक धरला. मिरचीचा आवाज बाजूलाच, आमच्या शिंकाच भरल्या सगळ्या. हा म्हणाला, ठेव, शिंका पण ठेव. मग इस्लापूरला जाऊन सहस्रकुंडाचा धबधबा भरून आणला. घरी लावला तर कोऱ्या कॅसेटसारखाच वाजायला लागला. नुसती खरखर. हा एवढा खूश! त्याच दिवशी नाव पडलं आमचं. खरखर. खरखर नंबर एक, खरखर नंबर दोन.

उमादेवी: अन् कोण घ्यायचं ते?

मुज्तबा: इथं कोण घेतंय? हिमायतनगरच्या एका लग्नात कव्वालीच्या जागी चुकून आमची कॅसेट गेली. मांडवात लावली. नवऱ्याचा मामा स्पीकरवाल्याला मारायला धावला. स्पीकर फाटला म्हणून!

उमादेवी: अय्यो देवा! हे हसतायत बघा. अहो, हसलात तुम्ही.

सिद्धेश्वर: मी हसलो नाही.

मुज्तबा: पण बाहेर लोक होते तसले. बेल्जियमला एक, जपानला एक बाई, पोलंडला एक. त्यांचे पत्ते मिळाले एका झेरॉक्स केलेल्या मासिकात. आपण आपली कॅसेट टपालानं पाठवायची, ते त्यांची पाठवायचे. पैशाचा संबंध न्हाई, कंपनीचा न्हाई. त्यांची कॅसेट आली की हा दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकत बसायचा. एक जण तर नुसता लोखंडी पत्रा घासायचा तासभर. अन् ह्याच्या डोळ्यात पाणी!

सिद्धेश्वर: झालं? सांगून झालं? आता पुढचं पण सांग. मशीनचं काय केलं होतंस ते सांग तिला. का मी सांगू? मला शिकवायची सवय आहे.

मुज्तबा: सांग.

सिद्धेश्वर: उमा, नीट ऐक. टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंगच्या वेळी दोन हेड काम करतात. टेप आधी पहिल्या हेडसमोरून जाते, ते जुना आवाज पुसतं. मग दुसऱ्यासमोरून जाते, ते नवा भरतं. आम्ही पहिल्याची वायर कापून टाकली.

मुज्तबा: तू कापलीस. पकड माझी होती.

सिद्धेश्वर: मी कापली. म्हणजे काय होतं, की नवं भरलं तरी जुनं पूर्ण जात नाही. दबतं, पण खाली राहतं. एकावर एक थर चढवायचे. आमची पद्धतच ती होती. जगात चार-दोन लोक करत असतील, आम्ही नांदेडात करत होतो. आता पुढं. तिसऱ्या कॅसेटला एक बाजू माझ्या गावी भरली. घरी. आई होती त्यात.

उमादेवी: हां. ते म्हाईत हाय मला. त्या हाक मारतात. 'सिद्धू, खूप शीक बाबा, माझ्यासारखं राबू नको,' असं. तुम्ही दर वर्षी पहिल्या दिवशी पोरांना सांगता. पोरं रडतात. मी बी रडते.

मुज्तबा: काय सांगतो?

उमादेवी: हेच. की आईचे एवढेच शब्द कॅसेटमध्ये होते, अन् ते बी गेले.

मुज्तबा: सिद्धू... असं सांगतोस तू?

सिद्धेश्वर: का? नव्हते?

मुज्तबा: पुढं बोल.

सिद्धेश्वर: विसर्जनाची रात्र होती. मी गावी जायचं ते गेलो नाही. मिरवणुकीतले ढोल भरायचे म्हणून नांदेडलाच थांबलो. पहाटे भूकंपाचा हादरा बसला. सकाळी बातमी आली. ह्याच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी ट्रक केला, ब्लँकेटं, बिस्किटं घेतली, मला बसवलं. ते मी नाकारत नाही. ह्याच्या वडिलांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून माझ्या अंगावर टाकली. नाकारत नाही. पण ह्याच्या गळ्यात तो टेप तसाच होता, रात्रीचा. आणि कॅसेट तीच. ढोलांची बाजू संपली होती आणि ह्यानं उलटून ठेवली होती.

उमादेवी: म्हणजे सासूबाईंची बाजू.

सिद्धेश्वर: तीच. गावात पोचलो तर गाव नव्हतं. दगड अन् माती. बुलडोझर चालला होता आमच्या गल्लीत, बाया ओरडत होत्या, हळू चालवा, आत माणसं हायेत. मी हातांनी माती उकरून ऱ्हायलो होतो. अन् मागं वळून बघतो तर ह्याचं बटण दाबलेलं! लाल दिवा लागलेला! दात आवळून माईक धरून उभा हा! माझ्या मायच्या आवाजावर बुलडोझर भरला ह्यानं! तिच्यावर एकदा माती पडली ती पडली, ह्यानं दुसऱ्यांदा टाकली!

उमादेवी: अहो, हळू. खाली पोरं हायेत.

सिद्धेश्वर: ऐकू दे! त्याला म्हाईत होतं त्या बाजूला कोण हाय ते. विचार त्याला. म्हाईत होतं का न्हाई?

मुज्तबा: होतं.

उमादेवी: मग असं कसं केलंत, भाऊ?

मुज्तबा: हात गेला. तीन वर्षं जिथं आवाज दिसला तिथं हात जात होता, तसाच गेला. मला वाटलं, पुसत तर न्हाई आपलं मशीन. राहतंय खाली. खाली आई हाय अन् वर मशीन. समोर पण तसंच होतं, वहिनी. मी नवीन काय केलं? जे होतं तेच भरलं.

सिद्धेश्वर: ऐकलंस? हे असं बोलतो. आणि तेवढ्यावर थांबला नाही. ती कॅसेट बेल्जियमला पाठवली. तिथं एका मासिकात छापून आलं. फार भेदक, फार प्रामाणिक, म्हणे. मला दुकानातच मिळालं ते मासिक. काउंटरवर. माझ्या आईचं मरण वाचून लोक खूश झाले होते. मी त्या दिवशी उठलो तो परत वजिराबादेत पाय टाकला नाही.

मुज्तबा: टाकला न्हाईस, पण जाताना सगळं सांगून गेलास. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर, कॉलेजात. मुज्तबा मढ्यावर टेप लावतो. अब्बांनी टेप, स्पीकर, वायरी, सगळं उचलून रस्त्यावर टाकलं. गिऱ्हाईक तुटलं. त्याचं काही न्हाई, आता सीडी आल्यात, तसंही तुटलंच असतं. पण अब्बा माझ्याशी बोलायचे बंद झाले. माझ्या बायकोला, बानोला सांगायचे, त्याला सांग जेवून घे म्हणून. मी समोरच बसलेला. शेवटी दवाखान्यात पण तिलाच सांगितलं, त्याला सांग पाय दाब म्हणून. हातानं ब्लँकेटं भरली होती त्या ट्रकात त्यांनी. त्यांना वाटलं, पोरानं त्या सगळ्यावर थुंकलं.

सिद्धेश्वर: मोहियोद्दीनचाचा गेले?

मुज्तबा: मागच्या रमजानमध्ये.

सिद्धेश्वर: मला कळलं नाही.

मुज्तबा: कळवलं न्हाई.

उमादेवी: चहा आणते मी.

मुज्तबा: नको वहिनी, बसा. तुम्ही असलेल्या बऱ्या. सिद्धू, तो बेल्जियमवाला आपली रेकॉर्ड काढायची म्हणतो. खरखर एक, दोन अन् तीन. मोठी काळी तबकडी, नवीन करून. तिसरी त्याला पाहिजेच. दोघांची इजाजत पाहिजे म्हणतो. तू न्हाई म्हणालास तर मी न्हाई कळवतो. एवढंच विचारायचं होतं.

सिद्धेश्वर: नाही.

मुज्तबा: नक्की?

सिद्धेश्वर: हजारदा नाही. आणि त्याला लिही, त्याच्याकडे असेल ती पण जाळून टाक म्हणावं.

मुज्तबा: लिहितो. झालं मग. निघतो.

उमादेवी: एवढ्यासाठी नांदेडहून आलात? हे तर फोनवर बी झालं असतं.

मुज्तबा: हाव. झालं असतं.

उमादेवी: पिशवी मघापासून पोटाशी धरून बसलात. काय हाय त्यात?

मुज्तबा: काही न्हाई. सीताफळं घेतली होती येताना.

उमादेवी: सीताफळं अशी धरतात व्हय?

सिद्धेश्वर: उमा, जाऊ दे त्यांना.

मुज्तबा: ...कॅसेट हाय. तुझ्या घरच्या कडबाकुट्टीच्या मशीनची बाजू भरली ना आपण, ती विसर्जनाच्या आधीच मी कॉपी करून टपालात टाकली होती. तुला सांगितलं होतं, पोचली न्हाई म्हणून. त्याचं उत्तरच आलं न्हाई तवा. पोचली होती. आपण वर फक्त मराठी तीनचा आकडा काढायचो ना, त्याला वाचता येईना. कुणाची हाय तेच कळेना. चित्र समजून ठेवून दिली त्यानं. आता आपलं सगळं एका जागी काढताना त्याला कळलं. परत पाठवली. हिच्यावर बुलडोझर न्हाई. हिच्यावर कुणीच काही भरलं न्हाई.

सिद्धेश्वर: काय म्हणालास?

मुज्तबा: साफ हाय. जशी भरली तशी.

सिद्धेश्वर: आईची?

मुज्तबा: हाव.

सिद्धेश्वर: आण इकडे.

मुज्तबा: घे. पण आत्ता नको ऐकू. एकटा असशील तवा ऐक.

सिद्धेश्वर: आण म्हणतो ना! आणि हे सीताफळं म्हणून घेऊन चालला होतास परत? माझी आई?

उमादेवी: अहो, लावा की. हे मशीन हायच की इथं.

मुज्तबा: ह्या मशीनवर नको, वहिनी. लेक्चर भरायचं मशीन हे, हेड घाण असंल. टेप गुंतवंल.

सिद्धेश्वर: माझं हेड मी रोज स्पिरिटनं पुसतो. माझ्या लेक्चरच्या कॅसेटमध्ये एक खोकला सापडणार नाही तुला.

मुज्तबा: म्हाईत हाय. ऐकली मी एक. नांदेडला पण विकतात. फॅनचा आवाज पण न्हाई. मला वाटलं, हा तोच सिद्धू का, शिंका ठेव म्हणणारा?

उमादेवी: लावा हो. मला त्यांना ऐकायचंय. एकदा तरी खरं काहीतरी ऐकू द्या त्यांचं. त्या चित्राला हार घालून घालून थकले मी.

मुज्तबा: सिद्धू, ऐक माझं. वहिनीसमोर नको.

सिद्धेश्वर: का? माझी आई माझ्या बायकोला हाक मारून सांगणार आहे, माझा सिद्धू शिकला म्हणून. तू बाजूला हो. उमा, तो दरवाजा लाव. चारच्या बॅचला सांग, सर उशिरा येतील. पोरांना म्हणावं दहा गणितं सोडवा.

उमादेवी: सांगितलं. लावा.

(कॅसेट खट् करून बसते. आधी नुसती खरखर येते; मग कडबाकुट्टीच्या कोरड्या चाकाची कुईकुई, आणि त्यात माणसांचे आवाज.)

कॅसेटमधली बाई: चालू झालं का रं?

कॅसेटमधला तरुण: हाव. फिरव तू. बोलू नको.

कॅसेटमधली बाई: लई जड चाललंय. तेल घाल की थोडं. सकाळधरनं फिरवून राहिले, दंड भरून आला माझा.

कॅसेटमधला तरुण: तेल नको म्हणलो ना! कुईकुई जाईल. तीच पाहिजे.

कॅसेटमधली बाई: मुज्तबा, तू तरी सांग बाबा ह्याला. तुमच्या भाकरी बी टाकायच्यात अजून. सिद्धू, मी काय म्हणते...

कॅसेटमधला तरुण: आई, गप की! सगळं खराब करून राहिली तू. नुसतं फिरव.

उमादेवी: अहो, हा तुमचा आवाज?

सिद्धेश्वर: थांब. पुढं आहे. पुढं आहे ते.

उमादेवी: आवाज किती बारीक होता त्यांचा. मला वाटलं होतं, मोठा असंल.

सिद्धेश्वर: गप्प बस जरा. ऐकू दे. पुढं बोलते ती.

मुज्तबा: पुढं काही न्हाई, सिद्धू.

सिद्धेश्वर: पुढं ढकलतो. मध्ये कुठंतरी आहे.

मुज्तबा: ढकल. शेवटपर्यंत चाकच हाय. मी ऐकलीय, पार्सल आलं तवा. न ऐकता पण म्हाईत होतं. टेप मीच धरून बसलो होतो ना त्या दिवशी. तू माईक धरलास, मी टेप धरला, अन् चाक तिनं फिरवलं. बाजू संपेपर्यंत फिरवलं.

सिद्धेश्वर: ती म्हणाली होती. 'मी काय म्हणते' म्हणाली. मग काय म्हणाली?

मुज्तबा: तू गप म्हणालास, ती गप झाली. लई ऐकायची तुझं.

सिद्धेश्वर: खूप शीक म्हणाली होती. मला आठवतं.

मुज्तबा: म्हणाली असंल कधी. ह्याच्यात न्हाई. खरखर तीनमध्ये कधीच नव्हतं. बुलडोझरच्या खाली पण हेच होतं. तू गप की म्हणालास, तेच होतं.

सिद्धेश्वर: तुला माहीत होतं. दहा वर्षं मी तुला शिव्या दिल्या, गावभर दिल्या, आणि तुला हे माहीत होतं. मग बोलला का नाहीस?

मुज्तबा: काय बोलणार? तुझं घर गेलं, गाव गेलं. तुझ्याकडं माझ्यावरचा राग तेवढा राहिला होता. म्हणलं, राहू दे त्याला. एक तरी आपलं माणूस असू दे शिव्या द्यायला. पण अब्बा गेले ना, मग माझ्यानं राहवेना. त्यांना मातीत ठेवलं अन् माझ्या डोक्यात एकच. त्या लातूरवाल्याला हे ऐकवायचं. समोर बसून ऐकवायचं.

उमादेवी: म्हणजे इजाजत-बिजाजत नुसतं निमित्त. हे ऐकवायलाच आलात तुम्ही.

मुज्तबा: हाव वहिनी. तेच ठरवून एसटीत बसलो. जिन्यापर्यंत तेच होतं मनात. मग ते चित्र बघितलं, जरीच्या पदराचं. अन् तुम्ही सांगितलं, पहिल्या दिवशी पोरं रडतात ते. मग हात उचलेना. म्हणलं, सीताफळंच द्यावी अन् जावं.

उमादेवी: मीच काढायला लावलं तुम्हाला.

मुज्तबा: तुमची काय चूक? सिद्धू, शिवी दे यार. काहीतरी बोल. आता तू पण अब्बांसारखा गप बसू नको.

सिद्धेश्वर: बेल्जियमवाल्याला कळव. घे म्हणावं.

मुज्तबा: काय घे?

सिद्धेश्वर: तिसरी. बुलडोझरवाली. छाप म्हणावं.

मुज्तबा: अन् ही?

सिद्धेश्वर: ही नको. ही कुणाला नको ऐकवू. बुलडोझर चालू दे त्या बोलण्यावर.

मुज्तबा: न्हाई कळवणार मी ते. ते झाकण मी आता घालणार न्हाई. तुझं तू घाल. मशीन तुझं हाय, त्याचं पुसायचं हेड पण चालू हाय. बटण दाब, फिजिक्सचा एक धडा भर. कुणाला काही कळणार न्हाई.

उमादेवी: काही पुसायचं न्हाई. कुणी हात लावायचा न्हाई तिला. ही कॅसेट माझ्याजवळ ऱ्हाईल.

सिद्धेश्वर: उमा...

उमादेवी: माझ्या सासूची हाय ती. तुम्ही दोघांनी लई केलं तिचं.

मुज्तबा: निघतो वहिनी. पाच वाजताची गाडी मिळंल अजून.

उमादेवी: भाऊ, थांबा. एक सांगून जा. ती तुमची बाजू भरून झाली, मशीन बंद केलं. मग नंतर तरी घातलं का तेल? त्यांना रोज तेच चाक फिरवायचं होतं ना?

मुज्तबा: ते सिद्धूला विचारा. मी त्याच संध्याकाळी नांदेडला आलो.

उमादेवी: अहो, घातलं का?

सिद्धेश्वर: दिवाळीत परत येऊन त्याच चाकाचा दुसरा थर भरायचं ठरलं होतं. आवाज तोच पाहिजे होता.

उमादेवी: म्हणजे न्हाई.

सिद्धेश्वर: नाही. तिलाही चाकाला हात लावू नको म्हणून सांगून आलो होतो. तिनं लावला नाही.